यंत्र जागं होताना

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझ्या आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी २०१९ साली पाटणजवळच्या आमच्या गावी बसून रेकॉर्ड केल्या होत्या. दोन वर्षांनी आत्या गेली. त्या ओव्या होत्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर, आणि फक्त तिथेच. त्या ऐकून वहीत उतरवत बसलो होतो, तेवढ्यात पडदा एकदम काळा झाला. पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला, तीन वेळा 'पीं पीं पीं' वाजलं आणि सारं चिडीचूप. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

भाचा संगणक दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, आत्याचा आवाज गेला!"

"मामा, थांब जरा. दिवा लागतो का? पंखा फिरतो का? आणि वाजतं किती वेळा?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "तीन म्हणजे बहुतेक रॅम. गाडी अजून डिस्कपर्यंत पोचलेलीच नाही. आत्याआजी सुखरूप असणार. रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस."

रविवारपर्यंत मी काय करणार? जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा इतिहासच चाळत बसलो. बंद यंत्राला उठवायचं कसं, हा प्रश्न संगणकाइतकाच जुना निघाला.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला फेब्रुवारी १९४६ मध्ये 'एनिॲक' हा अवाढव्य संगणक लोकांना दाखवण्यात आला. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर आतल्या तारा तापेपर्यंत वाट पाहावी लागे. व्हॉल्व्ह जळायचा तोही बहुधा चालू किंवा बंद करताना, कारण थंड तार तापते आणि तापलेली निवते तेव्हाच तिच्यावर ताण पडतो. म्हणून एनिॲक शक्यतो बंदच करायचा नाही, असं ठरलं.

दुसरी अडचण याहून मजेशीर होती. जाग्या झालेल्या यंत्राची स्मृती कोरी असते. तिच्यात प्रोग्रॅम भरायचा तर तो भरण्यासाठी आधी एक प्रोग्रॅम हवा! १९५२ च्या 'आयबीएम ७०१' मध्ये यावर एक बटण आलं. ते दाबलं की पहिल्या पंचकार्डावरच्या सूचना आत येत आणि त्या पुढची कार्डं वाचायला लावत. पायातल्या बुटाचे पट्टे ओढून माणसाने स्वतःलाच वर उचलावं, अशी इंग्रजीत एक कल्पना आहे. संगणक 'बूट' होतो म्हणतात तो शब्द तिथला. तरी पुढे कितीतरी वर्षं हे काम हातानेच चाले. १९७५ चा 'अल्टेअर ८८००' घ्या. समोरच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून एकेक सूचना भरायची. एक खटका चुकला की मांडलेला डाव मोडला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी 'आयबीएम पीसी' बाजारात आला. त्यात उठण्याचा हा पाठ एका चिपमध्ये कायमचा कोरलेला होता, तोच 'बायोस'. वीज मिळाली की बायोस आधी घरातल्यांची हजेरी घेई. प्रोसेसर, स्मृती, पडदा, कळफलक सगळं पाहून झालं की मगच डिस्ककडे वळे. सारं ठीक असेल तर एक आखूड 'पीं'. आता आवाजच का? कारण पडद्याच्या आधीच काही बिघडलं, तर लिहून सांगायला जागाच नाही. म्हणून तो छोटासा स्पीकर.

पुढे इतर कंपन्यांचे पीसी निघाले, तसे बायोस तयार करणारेही निघाले आणि प्रत्येकाची 'पीं'ची भाषा निराळी झाली. 'अमेरिकन मेगाट्रेंड्स' ही त्यातली मोठी कंपनी. १९८५ मध्ये ती स्थापन करणाऱ्यांत सुब्रमणियन शंकर होते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायोसमध्ये तीन आखूड आवाज म्हणजे स्मृतीत दोष. 'अ‍ॅवॉर्ड'च्या बायोसमध्ये एक लांब नि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या बाजूची गडबड. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आवाजाऐवजी दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो.

कोरलेला पाठ बदलता येईना म्हणून पुढे पुसून लिहिता येणाऱ्या चिप आल्या. सोय झाली, तशी चोरवाटही झाली. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' नावाच्या व्हायरसने असंख्य संगणकांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसला आणि काहींचा तर बायोसच. ज्यांचा बायोस गेला ते संगणक 'पीं'सुद्धा करेनात. हे वाचल्यावर माझे तीन आवाज मला फार मोलाचे वाटू लागले.

रविवारी भाचा आला. चार्जर आणि बॅटरी काढून त्याने बटण तीस सेकंद दाबून धरलं. काही फरक नाही. मग खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत धुळीचा चक्क थर बसला होता. "हा तापून बंद पडत होता, मामा. कधी साफ केलास?" मी उत्तर दिलं नाही. रॅमच्या दोन पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा त्याने खोडरबराने हलकेच घासल्या. ही शाळकरी पोरांची युक्ती असावी असं मला वाटलं होतं, पण दुकानातही हेच करतात म्हणे. पहिली पट्टी एकटीच बसवली. तीन आवाज. ती काढून त्याच खाचेत दुसरी बसवली आणि पडदा उजळला. एक पट्टी मेली होती, एवढंच.

"आधी कॉपी," तो म्हणाला. "बाकी काही विचारलं तर नाही म्हण." दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवून घेतलं आणि मगच मी पहिली फाइल लावली. ओवीच्या आधी जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि आत्याचा प्रश्न:

"चालू झालं का रं?"