पाचशे मीटर खालचे मूळ रहिवासी

आमच्याकडे एखादी सिस्टीम वर्षभर न कोसळता चालली तर केक कापतात. स्वीडनमधल्या इंजिनीयर मंडळींना मात्र एक लाख वर्षं टिकेल असा डबा बनवायचाय! मागचा अख्खा वीकेंड या डब्यापायी गेला.

तर डबा असा. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन ५ सेंटिमीटर जाड तांब्याच्या कवचात बंद करायचं, भोवती बेंटोनाइट नावाची माती ठासायची आणि सुमारे ५०० मीटर खाली ग्रॅनाइटमध्ये पुरायचं. एसकेबी या कंपनीचा हा आराखडा १९८३ चा. तांबं का, तर इतक्या खोल पाण्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे ते जवळजवळ गंजणार नाही असा हिशोब. तिथे खाली कोणी राहतं का, हे मात्र तेव्हा कोणालाच नीटसं ठाऊक नव्हतं.

सुगावा खरं तर जुना. १९२६ साली शिकागोचे भूशास्त्रज्ञ एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींच्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असल्याचं मांडलं होतं. पण ड्रिलिंगबरोबर वरूनच गेले असतील, ही शंका पुढे कित्येक दशकं पुरली. आमच्याकडे 'तुमच्याच मशीनवर होतंय' म्हणून बग बंद करतात ना, तसंच.

१९८७ पासून गोथेनबर्गच्या कार्स्टेन पेडरसन यांनी स्वीडनच्या ग्रॅनाइटमधलं पाणी तपासायला घेतलं. पुढे एस्पो बेटाखाली ४५० मीटरवर भुयारी प्रयोगशाळा झाली. तिथल्या भेगांमधल्या पाण्यात मिलिलिटरला हजारो, कधी लाखो पेशी! यातले काही सल्फेटवर श्वास घेतात आणि सल्फाइड सोडतात. सल्फाइडला तांबं खायला ऑक्सिजन लागतच नाही. घरातली चांदीची निरांजनं काळी पडतात, तोच मामला.

उतारा मातीतच होता. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं. घट्ट ठासलेलं असलं की त्यातली छिद्रं जिवाणूपेक्षाही बारीक उरतात, मग सल्फाइड बनवण्याचं काम थंडावतं. म्हणजे सगळा भरवसा ती माती कुठे धुपून सैल होणार नाही यावर. पुढच्या हिमयुगातलं वितळलेलं पाणी धरून!

प्रकरण अर्थातच कोर्टात गेलं. जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयाने तांब्याच्या गंजण्याबद्दल, सल्फाइडने पडणाऱ्या खड्ड्यांसकट, प्रश्न काढले आणि आहे त्या पुराव्यावर परवानगी देऊ नये असं सरकारला कळवलं. किरणोत्सार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा मात्र होकार होता. एसकेबीने २०१९ मध्ये जादा कागदपत्रं दिली, २०२२ मध्ये सरकारने मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये फोर्समार्कला काम सुरू झालं. मला विचाराल तर न्यायालयाने अडवलं ते बरंच केलं. लाखात चार वर्षं गेली तर गेली.

जाता जाता... भूकंपाच्या अभ्यासासाठी आपल्या कोयनेला खोल भोकं पाडली, तिथल्या ग्रॅनाइटमध्येही आयआयटी खरगपूरच्या लोकांना जिवाणू सापडलेत. आपल्या काळ्या कातळाच्याही खाली.