तळेगावची दक्षिणा

लोणावळें सोडून पुण्याकडे येणाऱ्या प्रवाशास मावळांत तळेगाव दाभाडे लागतें. पैसाफंडाच्या कांचकारखान्यानें त्या गावाचें नांव महाराष्ट्रभर झालें. परंतु आमच्या विद्येच्या इतिहासांतही त्याचें एक पान आहे, तें फारसें उघडलें जात नाहीं.

सेनापति खंडेराव दाभाडे हे तळेगावास श्रावणांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले आणि हा दानधर्म पेशव्यांकडे पुण्यास आला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें दक्षिणेच्या द्रव्यांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचें मूळ तेंच. १८४९ सालीं सुधारकांनीं या निधीचा कांहीं अंश मराठी ग्रंथांस मिळावा म्हणून अर्ज केला, तेव्हां जोतीराव फुले त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. पुढें पदवीधरांसाठीं दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. भांडारकर व रानडे हे त्यांचे मानकरी. द्रव्याचा मार्ग बदलला, तरी तें पुरुषांच्याच हातीं पडत होतें.

याच डेक्कन कॉलेजांत नाशकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी शिकल्या. त्यांनीं प्रथम वर्ग मिळविला. विलायतेस जाण्याच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या गुणांनीं पात्र ठरल्या, पण स्त्री म्हणून ती त्यांस नाकारली गेली. अखेर इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ सालीं सोराबजी ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं कायद्याची परीक्षा उतरल्या. पदवी मात्र १९२२ सालीं हातीं आली. मध्यंतरीं, १९०४ पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्यें पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचें रक्षण करीत होत्या. ज्या सरकारनें शिष्यवृत्ति नाकारली, त्याच सरकारला त्यांची गरज पडली!

पुढें इरावती कर्वे यांस दक्षिणा फेलोशिप मिळाली. घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचा अभ्यास करून १९२८ सालीं त्या एम्. ए. झाल्या आणि मग बर्लिनला गेल्या. परतल्यावर त्यांनीं प्रथम महिला विद्यापीठाचा कारभार पाहिला आणि १९३९ सालीं त्या डेक्कन कॉलेजांत अध्यापक झाल्या. तळेगावची दक्षिणा एका स्त्रीच्या हातीं पोहोंचण्यास सुमारें दोन शतकें लागलीं.

आफ्रिकेंतही हेंच दिसतें. केनियाच्या वांगारी मथाई १९६० सालीं शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेल्या, १९६६ सालीं परतल्या आणि २००२ सालीं संसदेवर निवडून आल्या. आजही आफ्रिकेंतील स्त्रियांस लोकसेवेसाठीं उच्च शिक्षण घेतां यावें म्हणून फेलोशिपा देण्यांत येतात, तेव्हां कित्येक सुशिक्षितही विचारतात कीं हा पक्षपात नव्हे काय? आम्ही त्यांस तळेगावच्या दक्षिणेचा हा प्रवास दाखवूं. गुण पूर्वींही होते. अडत होतें तें देणाऱ्याच्या याद्यांत. दोन शतकें एका बाजूस झुकलेली तराजू सरळ करण्यास पक्षपात म्हणणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.