पंधरा ऑक्टोबरचं धरण

जलसंपदा खात्याचं सिंचन वर्ष 1 जुलैला सुरू होतं. पण कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला विचाराल, तर तो 15 ऑक्टोबर सांगेल. त्या दिवशी धरणात किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी आहे ते बघायचं, त्यातून पिण्याचं बाजूला काढायचं, बाष्पीभवनाची तूट धरायची आणि उरेल त्यावर कालवा सल्लागार समितीने रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या. माझी सगळी नोकरी या हिशेबात गेली. येलदरीचा साठा, सिद्धेश्वरचा कालवा, पाणी मागणीचे नमुना नंबर 7 चे अर्ज आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांच्या शिव्या. म्हणून हवामानबदल म्हटलं की मला आधी ती तारीख आठवते.

पूर्णा उगवते अजिंठ्याच्या डोंगरात. जालना, बुलढाणा करत ती जिंतूर तालुक्यात येते, तिथे येलदरीला तिला अडवलंय. धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. उपयुक्त साठा 809.77 दलघमी, त्याखाली 124.67 मृतसाठा. हे आकडे अजून झोपेतही म्हणेन. नवख्या माणसाला नवल वाटतं ते असं, की एवढ्या मोठ्या धरणाला स्वतःचा कालवाच नाही. पाणी पायथ्याच्या वीजगृहातल्या साडेसात मेगावॉटच्या तीन संचांतून नदीत सुटतं, खाली सिद्धेश्वरला पुन्हा अडतं आणि तिथून कालव्याने परभणी, वसमत, नांदेडकडच्या रानात जातं. आधी वीज, मग ज्वारी. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा येलदरी परभणीत राहिलं आणि सिद्धेश्वर हिंगोलीत गेलं. पाणी एक, पालकमंत्री दोन. त्या बैठका ज्यांनी पाहिल्या त्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

ज्यांनी हे धरण आखलं त्यांचा पाऊस ठरलेला होता. मिरगाला चाड्यावर मूठ, मघा-पूर्वात धरण चढायचं, हत्ती पडला की रब्बीची ओल पक्की. 15 ऑक्टोबर ही तारीख त्याच पावसाच्या पोटातून आली. तोवर येणारं पाणी येऊन गेलेलं असतं, हे त्यात गृहीत. पाऊस कमी पडणं त्या पिढीला माहीत होतंच. धरण उभं राहून चार वर्षं होतात न होतात तोच 72 चा दुष्काळ आला. माझ्या वडिलांनी त्या साली पाझर तलावावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या मिलोला ते मरेपर्यंत नावं ठेवत. पण सरकारने हाताला काम दिलं, 1977 मध्ये त्या कामाच्या हक्काचा कायदा झाला, आणि पुढे अख्ख्या देशाने तो उचलला. दुष्काळाला दिलेलं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. त्यात माणूस आधी मोजला होता, खड्डे नंतर.

पुढची उत्तरं पाण्याच्या मापात आली. डिसेंबर 2014 ला जलयुक्त शिवार आलं, 2016 ला मागेल त्याला शेततळं, 2017 ला गाळमुक्त धरण. 2018 पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला गावात सगळे नुसतं ‘पोकरा’ म्हणतात. हवामानबदलाचं नाव उघडपणे घेणारी आपल्याकडची मोठी योजना ती हीच. तिच्यातून तुषार संच आले, रुंद वरंबा सरीवर सोयाबीन आलं. वरंब्यावरचं पीक पाण्याच्या खंडातही तग धरतं आणि अतिवृष्टीतही, हे मी बांधावर उभं राहून पाहिलंय. शेततळ्यांबद्दल मात्र माझं मत बरं नाही. बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात मे महिन्याच्या उन्हाला दाखवायचं, याला साठवण म्हणणं मला जमत नाही.

आणि सगळं खापर आभाळावरही फोडू नये. नदीच्या वरच्या अंगाला बुलढाण्यात देऊळगावराजाकडे खडकपूर्णा धरण झालं. चोखोबांचं जन्मगाव मेहुणाराजा जवळच, म्हणून त्याला संत चोखासागर म्हणतात. त्याशिवाय वरच्या खोऱ्यात बंधारे आणि तलाव आहेतच. ते भरल्याशिवाय आमच्याकडे काय येणार? खाली वसमतला साखर कारखाना, रानोमाळ ऊस आणि हळद. ओळीने आलेल्या अवर्षणाच्या वर्षांत ही सगळी गणितं एकदमच उघडी पडली. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही कालवा विसरून फक्त पिण्याचं पाणी राखत होतो.

खरा धक्का दिला तो 2019 ने. उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलेलं. पावसाळ्याचे चार महिने संपले तरी साठा तुटपुंजाच. मग अरबी समुद्रात आधी क्यार, मग महा वादळ उठलं, परतीचा पाऊस हलेना. दिवाळीच्या पुढेमागे खडकपूर्णाचं पाणी सुटलं आणि येलदरी बघता बघता चढलं. लोक ओटी भरायला, जलपूजनाला धरणावर आले. त्याच दिवसांत खालच्या रानात कापलेल्या सोयाबीनच्या गंज्यांना कोंब फुटले होते, कापूस बोंडातच काळा पडला होता. दुष्काळ संपला तोच ओला दुष्काळ होऊन. आमच्या हिशेबाच्या तारखेला जे पाणी नव्हतंच, ते तीन आठवड्यांनी दारात उभं. आणि पेरणीचं बी घ्यायला ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्यासाठी पाळी सोडायची.

नंतर हे नवल राहिलं नाही. 2023 चा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. पुढच्या वर्षी सप्टेंबर लागताच परभणी-हिंगोली-नांदेडात दोन दिवसांत इतकं पडलं की ओढ्यांनी वाटा बदलल्या. वर्षाची बेरीज कधी बरी दिसते, महिन्यांची फोड बघवत नाही. योजना निघाल्या त्या पाणी अडवायच्या; पाळी कधी सोडायची, तारीख किती ढिली ठेवायची, टेलला आधी की हेडला, यावर कागद फारसा हललेला मी पाहिला नाही. शेजपाळीत टेलपासून पाणी द्यायचा नियम जुनाच आहे. रात्री चारी फोडणाऱ्यापुढे तो कसा टिकतो हे पाटकऱ्याला विचारा. पूर्वी एकेका चारीवर एक पाटकरी असायचा, आता कित्येक चाऱ्यांना मिळून एकही नाही. जागा रिकाम्या झाल्या त्या भरल्या नाहीत.

दरवर्षी रब्बीच्या तोंडावर पेपरात जाहीर प्रकटन येतं: नमुना नंबर 7 चे अर्ज मुदतीत भरावेत, थकबाकी भरावी. टेलचा शेतकरी अर्ज भरतो, पावती खिशात घालतो आणि घरी जाताना बोअरच्या गाडीवाल्याकडे फुटाचा भाव विचारून जातो.