ग्रहलाघवातले लाघव

नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके 1442 मध्ये, म्हणजे इ. स. 1520 ला, 'ग्रहलाघव' रचले आणि ज्या-चापाची (ज्या म्हणजे कोनाचा साइन) कोष्टके गणितातून पार काढून टाकली. अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडल्यामुळे अहर्गणही, म्हणजे मोजायच्या दिवसांची संख्याही, 4016 च्या पुढे जाईना. पुढे कित्येक पिढ्या कोकणातले जोशी याच पोथीवर पंचांग करत. ते सूत्रे घोकणारे झाले, उपपत्ती विसरले, याचे खापर गणेशावर फुटते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे (दापोलीजवळचे, नांदगावाशेजारचे जंजिऱ्याचे मुरुड निराळे) शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मात्र 1896 च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त गणेशाला मानाची जागा दिली. ती योग्यच होती, हे पडताळून पाहता येते.

सूर्याची गती एकसारखी नसते. त्या विषमतेची दुरुस्ती म्हणजे मंदफल. गणेश सांगतो: भुजांशांना (सूर्याच्या उच्चबिंदूपासून मोजलेल्या, 90 च्या आत आणलेल्या अंशांना) 9 ने भागा, आलेला अंक 20 मधून वजा करून त्याच अंकाने गुणा, या गुणाकाराला, त्याचाच नववा भाग 57 मधून वजा करून, त्या बाकीने भागा. 90 अंशांना उत्तर 2 अंश 11 कला येते. 30 अंशांना ज्येच्या हिशेबाने त्याच्या निम्मे यायला हवे. गणेशाच्या सूत्राने जेमतेम 12 विकला जास्त येते. उलट सूर्याचे खरे परमफल (सर्वांत मोठे मंदफल) त्या काळी सुमारे 1 अंश 56 कला होते. म्हणजे 15 कलांची चूक परंपरेने आलेल्या अंकात आहे, सूत्राच्या संक्षेपात नाही. तीही पूर्ण चूक म्हणवत नाही: चंद्राच्या गतीत 11 कलांची एक वार्षिक विषमता आहे, आणि तिथी काढताना सूर्याचे वाढीव फल तिची बरीच भरपाई करते.

एका सोप्या कोनावर सूत्र जमले म्हणून सगळीकडे जमेल का, असे कोणी विचारील. गणेशालाही ती शंका असावी. मंगळासारख्या ग्रहाचे शीघ्रफल (सूर्याच्या सापेक्ष स्थितीमुळे करावी लागणारी दुरुस्ती) मोठे, तिथे त्याने सूत्राचा हट्ट न धरता 15-15 अंशांवरचे तयार अंक, म्हणजे शीघ्रांक, दिले. दुसरा आक्षेप खोल आहे: सिद्ध न केलेल्या संक्षेपाला गणित म्हणावे का? हा प्रश्न युरोपातही उभा राहिला: ग्रहगतीच्याच प्रश्नातून जर्मन ज्योतिर्विद बेसेलने 1824 मध्ये ज्या फलनांचा (फंक्शन्सचा) पद्धतशीर अभ्यास केला, त्यांचे समीकरण हायपरजिओमेट्रिक समीकरणाचे बिघाडबिंदू (जिथे समीकरण नेहमीसारखे चालत नाही ते बिंदू) एकमेकांत मिसळून मिळते. अनंताशी त्याचा बिघाड अनियमित जातीचा असतो. तिथली श्रेणी पुढे फुगत जाते, तरी पहिली चार-दोन पदे उत्तम उत्तर देतात. तिकडचे ज्योतिर्विद अशा श्रेणी बिनदिक्कत वापरत, गणिती नाक मुरडत. 1886 मध्ये फ्रेंच गणिती प्वांकारेने त्या वापराला काटेकोर अर्थ दिला. गणेशाचे सूत्र त्या जातीचे नाही, ते सातव्या शतकातल्या भास्कराच्या अपूर्णांकी सूत्राशी जुळते. पण वापर आधी आणि उपपत्ती मागून, हा क्रम तिकडेही तोच. 1860 मध्ये केरूनाना छत्र्यांनी युरोपीय आधारावर 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली, तेव्हा बदलायचे होते ते मूळ अंकच.