वेलांटीला जागा किती?

आजीसाठी ई-रीडर घ्यायचा ठरला तेव्हा मी नेहमीचंच केलं. दोन टॅब उघडले आणि स्टोरेज, बॅटरी, वॉटरप्रूफ अशी तुलना सुरू केली. आजी नेवाशाची. तिची मागणी एका वाक्यात संपली: "अक्षर मोठं दिसलं पाहिजे रे, अन् डोळ्यातून पाणी नको यायला."

दुसऱ्या मागणीचं उत्तर सोपं होतं. मोबाइलचा स्क्रीन आपल्या डोळ्यांत उजेड सोडतो. ई-इंकचा स्क्रीन कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो. त्यात विद्युतभार असलेले काळे-पांढरे कण असतात आणि वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. मोठ्या अक्षराचा प्रश्न मात्र फार जुना निघाला.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असं परंपरा सांगते. हाताने लिहिताना अक्षर केवढं ठेवायचं, हे लिहिणाराच ठरवी. छपाई आली आणि तो अधिकार खिळ्यांकडे गेला. 1842 मध्ये अमेरिकन मिशनने नगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं, त्या काळात देवनागरी खिळे पाडणं हेच मोठं काम होतं. इंग्रजीचं 26 अक्षरांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. मुंबईच्या मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली हे काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला.

स्क्रीनवर खिळ्यांच्या जागी ठिपके आले. 2007 च्या पहिल्या किंडलमध्ये इंचाला 167 ठिपके होते. तीन मिलिमीटर उंचीच्या ओळीला त्यातले जेमतेम 20 मिळतात. तेवढ्यात वेलांटी, रफार, शिरोरेघ, अक्षर आणि खाली उकार बसवायचा! 300 ठिपक्यांच्या स्क्रीनवर त्याच ओळीला 35 मिळतात. हा फरक इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त जाणवतो. शिवाय किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती 2016 च्या डिसेंबरात.

शेवटी दोन पर्याय उरले: 300 ठिपक्यांचा सहा इंची, किंवा 227 ठिपक्यांचा दहा इंची. ठरवण्याआधी आजीला मोबाइलवर दोन फाइली दाखवल्या. पहिली स्कॅन केलेली पीडीएफ. ती मोठी केली की ओळ स्क्रीनबाहेर जायची. पान डावी-उजवीकडे सरकवताना आजी ओवी विसरायची. दुसरी ईपब. तिच्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पानावर दोनच ओव्या मावल्या, पण आजी वाचत राहिली.

मग हातात हलका असलेला सहा इंचीच घेतला. तुम्ही घेणार असाल तर तुमची पुस्तकं कुठल्या फाइलीत आहेत ते आधी बघा, फीचर्स नंतर. स्कॅनच जास्त असतील तर मोठा स्क्रीन घ्या.

ज्ञानेश्वरी मिळाली, पण आजीच्या वडिलांचं अभंगांचं बाड यात कसं येणार? ते कुणीच टाइप केलेलं नाही. फोटो काढले तर पुन्हा तीच सरकवासरकव. म्हणून रोज रात्री एक पान मी टाइप करतो. हस्ताक्षर लागलं नाही की आजीला फोन लावतो. बहुतेक वेळा तिला तो अभंग पाठच असतो.