एकवीस टन मिठाचं घर

ग्लाउबर मीठ हे नाव बारावीच्या केमिस्ट्रीत ऐकलं होतं, एवढंच. सोडियम सल्फेटच्या एका रेणूला पाण्याचे दहा रेणू चिकटलेले. सतराव्या शतकात योहान ग्लाउबर या जर्मन गृहस्थाने ते बनवलं आणि त्याला 'चमत्कारी मीठ' म्हटलं. चमत्कार कसला, तर जुलाबाचं औषध! असो.

पण त्यात दुसराही चमत्कार आहे. हे मीठ 32.4 अंश सेल्सियसला वितळतं आणि वितळताना किलोमागे सुमारे 250 किलोज्यूल उष्णता गिळतं. परत गोठताना तेवढीच बाहेर टाकतं. एवढी उष्णता साठवायला किलोभर पाणी 60 अंशांनी तापवावं लागेल. म्हणजे दिवसा उन्हात वितळवा, रात्री घर उबदार ठेवा. कागदावर एकदम झकास.

बुडापेस्टमध्ये 1900 साली जन्मलेल्या मारिया टेल्कीस यांनी ते कागदावर ठेवलं नाही. महायुद्धाच्या काळात त्यांनी जीवरक्षक नौकांसाठी उन्हावर चालणारं, समुद्राचं पाणी गोडं करणारं साधन बनवलं होतं. 1948 मध्ये बॉस्टनजवळ डोव्हर इथे त्यांनी चक्क एक घर उभारलं. आर्किटेक्ट एलिनॉर रेमंड, पैसे शिल्पकार अमेलिया पीबडी यांचे. तिघीही बायका, आणि सालही 1948, हे जरा लक्षात घ्या. दक्षिणेकडे काचेची उंच भिंत, आत डब्यांमध्ये भरलेलं सुमारे 21 टन ग्लाउबर मीठ, आणि गरम हवा फिरवायला पंखे. राहायला टेल्कीसबाईंच्याच नात्यातलं कुटुंब.

पहिला हिवाळा बरा गेला. तिसऱ्यापर्यंत मात्र डबे गंजून गळायला लागले, मिठाचे थर झाले आणि उष्णता मिळेना. शेवटी तिथे तेलाची भट्टी बसली.

नेमकं बिघडलं काय? गणित मांडून बघितलं. 100 किलो ग्लाउबर मिठात साधारण 44 किलो कोरडं मीठ आणि 56 किलो पाणी असतं. 32 अंशाला एवढ्या पाण्यात जेमतेम 28 किलो विरघळतं. उरलेलं 16 किलो तळाशी बसतं! गोठायची वेळ येते तेव्हा पाणी वर, मीठ खाली, मधे स्फटिकांचा पापुद्रा. दोघांची भेटच होत नाही. प्रत्येक फेरीत थोडं थोडं मीठ कामातून जातं. आमच्याकडे मेमरी लीक म्हणतात त्यातला प्रकार. डेमोत कळत नाही, तीन हिवाळे सर्व्हर चालला की कळतं.

दुसरी भानगड अशी की हे मीठ 32 अंशाला गोठायला हवं, पण पहिला स्फटिक धरायला काही आधार नसेल तर खूप खाली जाऊनही द्रवच राहतं. यावर टेल्कीसबाईंनी 1952 च्या निबंधात उपाय मांडला: तीन-चार टक्के बोरॅक्स घाला. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार डाग देताना वापरतात तो. त्याच्या स्फटिकांची ठेवण ग्लाउबर मिठाशी जुळते, म्हणून त्यावर स्फटिक चटकन धरतो. मला हा उपाय फार आवडला. स्वस्त आणि अगदी मुळाशी जाणारा.

एमआयटीत सौरऊर्जा प्रकल्पाचे प्रमुख हॉयट हॉटेल (हो, आडनाव हॉटेल!) यांचा या मिठावर विश्वास नव्हता, आणि 1953 मध्ये बाईंनी एमआयटी सोडलं. हॉटेल साहेब आकड्यांच्या बाबतीत चुकले नव्हते, हे मान्य करायला हवं. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही. 1970 च्या दशकात, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी मिश्रणात एक खास चिकणमाती घालून ते दाट केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. दाट खिरीत तांदूळ तळाशी बसत नाहीत, तसंच. तरी शे-दोनशे फेऱ्यांनंतर त्याचीही ताकद बरीच घटते, हे पुढे दिसलं. अजूनही वेगवेगळी दाटवणारी द्रव्यं घालून लोक त्यावर काम करतात.

थंडीत हात शेकायच्या जेलच्या पिशव्या बघितल्यात? आत सोडियम ॲसिटेटचं असंच पाणीधारी मीठ असतं, 58 अंशाला वितळणारं. त्याची वेळेवर न गोठायची खोड तिथे मुद्दाम वापरलीय. पिशवीतली पत्र्याची चकती टिचकन वाजवली, की मगच ते गोठतं आणि गरम होतं.