तुळईची साक्ष

बेळगाव-निपाणी भागात एखाद्या देवालयाचा जीर्णोद्धार निघाला, की जुन्या लाकडी सभामंडपाच्या तुळया उतरवून वखारीला विकल्या जातात. मंडप किती जुना, असे विचारावे तर कोणी शिवकालीन म्हणतो, कोणी पेशवाईतला. वकिलीत आयुष्य गेल्यामुळे ऐकीव पुराव्यावर माझी श्रद्धा नाही. प्रत्यक्ष साक्षीदार मात्र तोवर वखारीत पोचलेला असतो.

सागवान उन्हाळ्यात निष्पर्ण होते, पावसाळ्यात वाढते. त्यामुळे खोडात वर्षाला एक वलय पडते, पाऊसमानाप्रमाणे रुंद वा अरुंद. जिवंत झाडांपासून मागे मागे जात, एकावर एक येणारे हे क्रम जुळविले की जुन्या लाकडाची साले कळतात. अमेरिकेत डग्लस या ज्योतिर्विदाने १९२९ मध्ये एका जळक्या तुळईने असाच तुटलेला दुवा सांधला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी केरळच्या सागाचा क्रम इ. स. १४८१ पर्यंत मागे नेला आहे. पण केरळचा पाऊस वेगळा. आपल्या भागाचा क्रम बांधावयाचा तर आपल्याच तुळया हव्यात.

उलटतपासणीही करावी. तुळई दुसऱ्या वाड्यातून आणलेली असू शकते. सुताराने बाहेरचे पांढरे लाकूड तासले असेल, तर शेवटची वलयेच गेली. मग 'यापूर्वीचा मंडप नव्हे' एवढेच म्हणता येते. झाड तुटल्याचे साल हवे, तर झाडाची सालच हवी!

यास्तव साल किंवा पांढरे लाकूड शाबूत असलेल्या तुळईचा वीतभर आडवा छेद विश्वस्तांनी विक्रीपूर्वी कापून घ्यावा, आणि ती कोणत्या खणातली ते त्यावर लिहून देवळाच्या दप्तराशेजारी ठेवावा.